शाळेत जंताची गोळी खाल्ली, तरी मूल रात्री का खाजवतं?

१० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अंगणवाडीताई किंवा वर्गशिक्षिका मुलांना समोर उभं करून गोळी चावायला लावतात, वर पाणी पाजतात, वहीत नोंद करतात. घरी आईबाबा निर्धास्त होतात. आणि मार्च उजाडतो न उजाडतो तोच एका रात्री मूल झोपेतून उठतं आणि चड्डीत हात घालून खाजवत रडायला लागतं. टॉर्च लावून पाहिलं तर ढुंगणाच्या घडीत पांढऱ्या सुताचा बारीकसा तुकडा, आणि तो चक्क वळवळतोय.

अशा वेळी घरात तीन शंका एकदम उठतात: गोळी बोगस होती का, आपण मुलाला अस्वच्छ ठेवलं का, आणि पोटात असे अजून किती असतील? गोळी बोगस नव्हती. घरही अस्वच्छ असेलच असं नाही. गोळीने आपलं काम केलं, पण ते काम जंत मारण्याचं होतं, अंडी मारण्याचं नव्हतं. या जंताची सगळी गोम अंड्यांत आहे, आणि ती अंडी पोटात नव्हे तर नखांत, चादरीत आणि चड्डीत असतात.

## हे जंत नेमके कोणते?

आपण सरसकट ‘जंत’ म्हणतो, पण त्यात बरेच वेगवेगळे प्राणी येतात. शाळांमधली मोहीम २०१५ साली सुरू झाली ती मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी: गोलकृमी, हुकवर्म आणि चाबकासारखा दिसणारा व्हिपवर्म. यांची अंडी शौचावाटे मातीत पडतात, मातीतच तयार होतात आणि मग न धुतलेल्या भाजीतून किंवा मातीच्या हातांतून पोटात जातात. हुकवर्मच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. हुकवर्म रक्त पितो, म्हणून मुलं फिकट पडतात.

रात्री खाज आणणारा जंत या तिघांपेक्षा वेगळा. डॉक्टर त्याला पिनवर्म किंवा थ्रेडवर्म म्हणतात. आपण सुतकृमी म्हणू. त्याला मातीची गरजच नाही. माणसाच्या हातातून माणसाच्या तोंडात, एवढाच त्याचा रस्ता. म्हणून तो चाळीत सापडतो तसाच विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही सापडतो, आणि पुण्यात सापडतो तसाच लंडनच्या पाळणाघरातही. कुत्र्यामांजरांच्या पोटात तो वाढत नाही, त्यामुळे घरच्या मांजरीला घराबाहेर काढायचं काही कारण नाही.

मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब असते, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. नर २ ते ५ मिलिमीटरचा, तो सहसा नजरेला पडत नाही. आपल्याला दिसते ती मादीच, आणि ती बाहेर आलेली असते अंडी घालायला. सुतकृमी रक्त पीत नाही. तेव्हा मूल फिकट दिसत असेल, दमत असेल, तर त्याचा दोष या जंतावर टाकून हिमोग्लोबिन तपासायचं राहू देऊ नका.

## खाज रात्रीच का येते?

गिळलेलं अंडं लहान आतड्यात फुटतं. अळी पुढे सरकत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला येते आणि तिथेच वाढते. अंडं पोटात गेल्यापासून मादी अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण एक महिना लागतो. हा महिना लक्षात ठेवा, औषधाच्या हिशेबात तो पुन्हा येणार आहे.

मूल गाढ झोपलं की पोटुशी मादी गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या कातडीच्या चुण्यांमध्ये अंडी चिकटवते. एका मादीची दहा हजारांच्या आसपास. अंड्यांसोबत चिकट द्रव असतो. त्याने आणि मादीच्या वळवळीने खाज सुटते. अंडी घालून मादी मरते, पण मूल झोपेतच खाजवतं, अंडी नखांखाली भरतात, आणि सकाळी तोच अंगठा तोंडात जातो. घातल्यापासून ४ ते ६ तासांत ही अंडी संसर्ग करण्याइतकी तयार झालेली असतात. म्हणजे रात्री अकराला घातलेली अंडी पहाटेपर्यंत तयार. सकाळच्या बिस्किटाबरोबर ती पोटात जातात आणि नवा महिना सुरू होतो.

अंड्याची लांबी ५० ते ६० मायक्रोमीटर, जेमतेम डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी. डोळ्यांना ती दिसत नाहीत. चादरीवर, खेळण्यांवर, नळाच्या तोटीवर ती २ ते ३ आठवडे तग धरू शकतात. कोरडी हवा आणि ऊन त्यांना मानवत नाही, ओलसर गारवा मानवतो. आपल्याकडे पावसाळ्यात गोधड्यांना आठ-आठ दिवस ऊन मिळत नाही, तेव्हा तर अधिकच सांभाळावं लागतं.

## ओळखायचं कसं?

सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला जंत. मूल झोपल्यावर दोन ते तीन तासांनी त्याला कुशीवर वळवा, गुडघे पोटाशी घ्या, ढुंगणाच्या दोन्ही बाजू बोटांनी हलक्या फाकवा आणि टॉर्चचा उजेड टाका. दहा-पंधरा सेकंद नीट बघा. उजेड पडला की कधी कधी मादी आत सरकते, म्हणून आधी फाकवा आणि मग टॉर्च लावा. पांढरा, एका टोकाला टोकदार, हलणारा धागा दिसला तर सुतकृमीच. एका रात्रीत दिसला नाही म्हणून नाहीतच असं समजू नका. तीन रात्री बघा. सकाळच्या ताज्या शीच्या वरच्या थरावरही ते दिसतात.

दिसले नाहीत पण संशय पक्का आहे, तर चिकटपट्टीची तपासणी करतात. पारदर्शक सेलोटेपचा बोटभर तुकडा घ्यायचा; धुरकट दिसणारी टेप चालत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातून दिसत नाही. मूल सकाळी उठल्या उठल्या, शी करण्याआधी आणि धुण्याआधी, चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबायची, उचलायची आणि काचपट्टीवर सपाट चिकटवायची. काचपट्टी लॅबमधून आदल्या दिवशी आणून ठेवा. सलग तीन सकाळी हे करायचं. एका सकाळच्या तपासणीत साधारण निम्म्याच मुलांमध्ये अंडी सापडतात, तीन सकाळी मिळून दहातल्या नऊंमध्ये. नंतर स्वतःचे हात साबणाने धुवा, कारण त्या टेपवर असलेच तर हजारोंनी असतात.

शीची नेहमीची तपासणी इथे फारशी उपयोगाची नाही. अंडी आतड्यात नव्हे, बाहेर कातडीवर घातली जातात, त्यामुळे ती शीत क्वचितच सापडतात. ‘स्टूल रिपोर्ट नॉर्मल’ हा कागद हातात असूनही मूल रात्रभर खाजवत असतं ते यामुळेच.

काही वेळा दिसतं एक आणि असतं दुसरंच. केळं खाऊ लागलेल्या बाळाच्या शीत काळपट दोरे येतात. ते केळ्याचे तंतू, हलत नाहीत. पांढरे, चपटे, भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी असू शकतो, त्याचं औषध आणि तपासण्या वेगळ्या. वीतभर लांब, गांडुळासारखा जंत पडला तर तो गोलकृमी. असं काही पडलं की झाकणाच्या डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. वर्णन ऐकण्यापेक्षा त्यांना ते बरं पडतं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. जंत रात्री पुढच्या बाजूला सरकतात आणि योनीमार्गाशी खाज, लाली, पांढरं पाणी, शू करताना जळजळ सुरू होते. लघवीचा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं जातं आणि तक्रार पुन्हा पुन्हा येते. चार-पाच वर्षांची मुलगी रात्रीच पुढे खाजवत असेल, तर टॉर्च लावून मागेही बघा.

आणि रात्रीची प्रत्येक खाज जंतांची नसते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवतीही खाज असेल तर खरूज आठवा. तीही रात्रीच जोर करते. गुदद्वाराभोवती लालभडक कडं आणि दुखणं असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. बद्धकोष्ठानं चीर पडली असेल तर शी करताना रडू येतं, झोपेत नाही.

## औषध किती आणि कसं?

सर्वांत जास्त वापरलं जातं ते अल्बेंडाझोल. २ वर्षं पूर्ण झालेल्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना एकच मात्रा: ४०० मिलिग्रॅमची एक गोळी. १ ते २ वर्षांच्या बाळाला निम्मी, २०० मिलिग्रॅम, तीही डॉक्टरांना विचारूनच. लहानमोठ्यांना मात्रा एकच कशी, असं वाटणं साहजिक आहे. हे औषध रक्तात फार कमी उतरतं, काम करतं ते आतड्यातच, म्हणून वजनाचा हिशेब लागत नाही.

लहान मुलांसाठी पातळ औषध मिळतं. १० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं असेल, तर अख्खी बाटली म्हणजे ४०० मिलिग्रॅम. बाटली जोरात हलवा. औषध तळाशी बसतं; न हलवता दिलं तर वरचं पाणीच मुलाच्या पोटात जातं आणि खरं औषध बाटलीत राहतं. गोळी देणार असाल तर तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन चमच्यांमध्ये दाबून पूड करून पाण्यात कालवून द्या. त्याहून मोठ्यांनी चावून खायची. रडणाऱ्या, झोपलेल्या किंवा नाक दाबून धरलेल्या मुलाच्या घशात अख्खी गोळी कधीही टाकू नका. औषधाने नव्हे, पण गोळी श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो.

मेबेंडाझोल १०० मिलिग्रॅम एकदा, हा दुसरा पर्याय. तिसरा पायरँटेल, त्यात मात्र वजनाचा हिशेब असतो: किलोमागे ११ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम. दुकानात अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात. सुतकृमींसाठी त्या जोडगोळीची गरज नाही आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. पट्टीच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूनच पैसे द्या.

एका वर्षाखालचं बाळ, गर्भवती किंवा दिवस राहिल्याची शक्यता असलेली बाई, आणि ज्याला आकडी येऊन गेली आहे असं कुणीही: या तिघांनी स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये. आकडीचं कारण मेंदूतली पट्टकृमीची गाठ असेल तर अल्बेंडाझोलने ती सुजून पुन्हा आकडी येऊ शकते. ताप किंवा मोठं आजारपण चालू असेल तर गोळी बरं होईपर्यंत थांबवा. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना एकदा विचारा.

गोळीनंतर किंचित पोटदुखी, मळमळ होऊ शकते, ती बहुधा आपोआप जाते. खाज मात्र त्याच रात्री थांबत नाही. या औषधाने जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. त्याला थोडे दिवस लागतात.

## दुसरा डोस का? एकाने बरं वाटलंय ना?

डोक्यातल्या उवांची आठवण करा. औषध लावलं की उवा मरतात, पण केसांना चिकटलेल्या लिखा तशाच राहतात. आठवडाभराने त्या फुटतात आणि डोकं पुन्हा खाजायला लागतं. म्हणून तर आठवड्याने पुन्हा औषध लावतात. सुतकृमींचंही तसंच, फक्त लिखा केसांत असतात आणि ही अंडी घरभर.

पहिल्या गोळीने आतड्यातले मोठे जंत मरतात. पण त्याच दिवशी संध्याकाळी नखाखालचं एखादं अंडं पोटात गेलं, तर त्यातून निघणाऱ्या जंताला गोळी भेटतच नाही. तोवर ती उतरून गेलेली असते. तो वाढू लागतो. त्याची मादी अंडी घालायला महिना घेणार. दोन आठवड्यांनी दुसरा डोस दिला की तो वयात यायच्या आत मरतो. नवी अंडी नाहीत, म्हणजे साखळी तुटली. दोन दिवसांनीच दुसरी गोळी दिली तर नंतर फुटणारी अंडी निसटतात, सहा आठवड्यांनी दिली तर तोवर नव्या माद्यांनी अंडी घालून टाकलेली असतात. चौदा दिवसांच्या हिशेबामागे एवढं साधं गणित आहे.

शाळेतल्या गोळीचं कोडंही इथेच उलगडतं. १० फेब्रुवारीला घेतलेली गोळी हा सुतकृमींसाठी फक्त पहिला डोस. दुसरा २४ फेब्रुवारीला लागला असता. मोहिमेची पुढची फेरी ऑगस्टमध्ये असते, कारण ती मातीतल्या जंतांच्या हिशेबाने आखलेली आहे आणि त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. शाळेतली गोळी चुकवू नका. पण घरात सुतकृमी दिसले तर घरचा हिशेब वेगळा ठेवा आणि पहिल्या दिवसापासून मोजा. मुलाने चार-पाच दिवसांपूर्वीच शाळेत गोळी खाल्ली असेल तर लगेच दुसरी देऊ नका, डॉक्टरांना तारीख सांगून विचारा.

दुसऱ्या डोसची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लगेच लिहून टाका. खाज आठवड्यात थांबते, आणि थांबली की माणूस विसरतो. उपचार फसण्याचं हे मोठं कारण आहे.

## ज्याला खाज नाही, त्याने का घ्यायची?

पुष्कळ लोकांना जंत असूनही काहीच जाणवत नाही. आजीला खाज नाही, पण तिच्या नखांखाली अंडी असू शकतात आणि कणीक तीच मळते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी पहिली गोळी घ्यायची आणि एकाच दिवशी दुसरी. ‘आज मुलाला, बाबांना रविवारी, आजी गावाहून आल्यावर’ असं केलं की एकाचे जंत मरत असताना दुसऱ्याची अंडी पहिल्याच्या पोटात जात असतात.

सगळ्यांत कोण येतं? एकाच अंथरुणात झोपणारे, एकाच न्हाणीघरात आंघोळ करणारे, मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी, सुट्टीला आलेला आतेभाऊ. मावशींना गोळी विकत आणून द्या आणि कारण नीट सांगा. त्यांच्याही घरी लहान मुलं असतात. गर्भवती आणि एका वर्षाखालचं बाळ घरात असेल तर त्यांच्यासाठी गोळीऐवजी पुढे दिलेली स्वच्छता काटेकोरपणे सहा आठवडे पाळायची. नवं अंडं पोटात गेलं नाही तर आतले जंत आपलं आयुष्य संपवून मरतात.

## त्या पंधरा दिवसांत सकाळ कशी असावी?

गोळ्या घेतल्यापासून दोन आठवडे स्वच्छता आणि गोळी हातात हात घालून चालली पाहिजे. त्यातही सकाळचा पहिला अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा, कारण रात्री घातलेली अंडी तेव्हा कातडीवर ताजी असतात.

रात्री मुलाला अंगाला बसणारी सुती चड्डी घालून झोपवा, म्हणजे खाजवताना बोट थेट कातडीला लागत नाही. ढगळ पायजम्याखाली काही न घालता झोपवणं टाळा. गुदद्वाराभोवती थोडं खोबरेल लावलं तर खाज जरा शमते. सकाळी उठल्यावर चहा-दुधाच्या आधी, टीव्हीच्या आधी, मूल थेट न्हाणीघरात. चड्डी तिथेच काढा आणि थेट गरम पाण्यात टाका. ढुंगण पाण्याच्या धारेखाली, साबणाने, चुण्यांमधून हात फिरवून धुवा. बादलीतून तांब्याने किंवा मगाने पाणी ओतून आंघोळ ही आपली पद्धत इथे उत्तम. टबात बसवू नका, आणि दोन भावंडांना एका टबात तर अजिबात नको, कारण अंडी पाण्यात पसरतात. मग मुलाचे हात आणि स्वतःचे हात साबणाने धुवा, नखं एकमेकांवर घासून. सॅनिटायझरवर विसंबू नका. अल्कोहोल या अंड्यांचं जाड कवच भेदत नाही. साबण आणि वाहतं पाणी त्यांना धुवून नेतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

नखं सगळ्यांनी मुळापर्यंत कापा, मोठ्यांनीही. कापलेली नखं कागदावर गोळा करून टाका.

आता अंथरूण. आपल्याकडे सकाळी उठलं की चादर-गोधडी झटकून घडी घालायची सवय असते, आणि एरवी ती चांगलीही आहे. पण या दिवसांत झटकू नका. अंडी इतकी हलकी असतात की झटकल्यावर हवेत उडतात, देव्हाऱ्यापासून पाण्याच्या माठापर्यंत बसतात आणि श्वासाबरोबर घशात येऊन गिळलीही जातात. चादर चारही कोपऱ्यांतून आत गुंडाळून उचला आणि तशीच धुण्यात टाका. गोळीच्या दिवशी सगळ्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, रात्रीचे कपडे धुवा. यंत्रात ६० अंशांवर किंवा बादलीत कढत पाण्यात भिजवून. नंतर कडक उन्हात वाळवा. गोधडी रोज धुता येत नाही, ती उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा. पाऊस असेल तर इस्त्री फिरवा.

केर काढण्याचंही असंच आहे. केरसुणीने कोरडा केर काढला तर अंडी उडतात. पंखा बंद करून आधी ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं गरम पाण्यात धुवा. नळाची तोटी, संडासातल्या मगाचा कान, जेटचा दांडा, दाराची कडी, मोबाइल आणि रिमोट पुसायला विसरू नका. दात घासायचे ब्रश बंद कपाटात ठेवा आणि वापरण्याआधी खळखळून धुवा. हे सगळं रोज युद्धपातळीवर करत बसायचं नाही. गोळीच्या दिवशी एकदा मोठी सफाई, आणि मग रोज फक्त चड्डी, ढुंगण, हात, नखं.

## गोड खाल्ल्याने जंत होतात का?

नाही. गूळ, साखर, चॉकलेट यांत जंताचं अंडं नसतं, आणि अंडं पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही. मुलाचा लाडू बंद करून घरातले सुतकृमी जाणार नाहीत. झोपेत दात खाणं, तोंडातून लाळ गळणं, चेहऱ्यावर पांढरट चट्टे, ही सगळी जंतांची म्हणून घरोघरी सांगितली जाणारी लक्षणं. चेहऱ्यावरचे ते चट्टे बहुतेक वेळा कोरड्या कातडीचे असतात आणि दात बिनजंतांची मुलंही खातात. यातलं एकही लक्षण रात्रीच्या खाजेइतकं भरवशाचं नाही.

वावडिंगाचं पाणी, कारल्याचा रस, ओवा यांवर अनेकांची श्रद्धा आहे. जेवणात ओवा असण्याने नुकसान काही नाही. पण गोळीऐवजी तेवढ्यावरच राहिलात तर महिनाभरात माद्यांची नवी पिढी बाहेर येईल. एरंडेल देऊन पोट साफ करण्याची जुनी रीत मात्र सोडाच. जुलाबाने काही जंत पडतात, सगळे नाही, आणि लहान मुलाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं. लसणाच्या पाकळ्या, रॉकेल, डेटॉल यातलं काहीही त्या नाजूक जागी लावू नका. भाजलेल्या कातडीच्या दुखण्यापुढे खाज परवडली.

## दोनदा औषध घेऊनही परत आले तर?

औषधाला जंत दाद देत नाहीत असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा नवी अंडी पोटात गेलेली असतात. एकेक तपासून पाहा. दुसरा डोस खरंच सगळ्यांनी घेतला का? कुणी ‘मला काही होत नाही’ म्हणून गोळी खिशातच ठेवली का? पातळ औषधाची बाटली हलवली होती का? मूल दुपारी कुणाकडे असतं, आणि तिथल्या मुलांना औषध मिळालं का? अंगठा चोखण्याची, नखं कुरतडण्याची सवय आहे का? या सवयीच्या मुलांमध्ये जंत पुन्हा पुन्हा येतात. रागावून ती सुटत नाही. ‘नखं छोटी ठेवली तर खाजणार नाही’ एवढं सांगून रोज रात्री मिळून नखं बघितली तर मूलच आठवण करून देऊ लागतं.

सगळं नीट करूनही तिसऱ्यांदा दिसले तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. पोटात उजवीकडे खाली दुखतंय, शीतून रक्त येतंय, वजन घटतंय, खाजवून जखम झाली आणि पू आला, मुलीला पांढरं पाणी किंवा लघवीला जळजळ आहे, यातलं काही असेल तर तिसऱ्या वेळेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

## शाळेत सांगायचं का? मुलाला घरी ठेवायचं का?

घरी ठेवायची गरज नाही. गोळी घेतली, सकाळी धुतलं, नखं कापली, की मूल शाळेत जाऊ शकतं. सांगावं मात्र जरूर, निदान पाळणाघरात आणि अंगणवाडीत, कारण तिथल्या दोन-चार मुलांमध्ये जंत असतील तर तुमच्या घरातली सगळी मेहनत महिन्यात पाण्यात जाईल. लाजेपोटी कुणी बोलत नाही आणि तीच मुलं एकमेकांना वर्षभर जंत देत राहतात. ताईंना मुलासमोर नाही, बाजूला घेऊन सांगा: ‘आमच्याकडे बारीक पांढरे जंत निघाले होते, आम्ही सगळ्यांनी आज औषध घेतलंय, चौदा दिवसांनी पुन्हा घेणार. बाकीच्या पालकांना आमचं नाव न घेता कळवाल का, म्हणजे तेही रात्री टॉर्च लावून बघतील?’